चार बोटं जागा

चिंचवड,
१२ जून १९७७

नीला,

मायना लिहीत नाही. तो वाचूनच तू पत्र बाजूला ठेवशील, आणि मला पुढचं सांगायचं आहे.

लेकीला, कस्तुराला घेऊन तू राजगुरुनगरला माहेरी गेलीस, त्याला आज अठरा दिवस झाले. तुझ्या नवऱ्याची प्रकृती तुला कळवणं हे त्याची थोरली बहीण म्हणून माझं काम आहे. सवड मिळेल त्या रविवारी लिहीत जाईन. उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव.

भीमराजच्या डोक्याची जखम पूर्ण भरली आहे. टाक्यांच्या जागी केस उगवले, पण पांढरे. बत्तिसाव्या वर्षी एका बाजूने म्हातारा आणि दुसऱ्या बाजूने तरुण असा दिसतो. चालतो नीट. उजव्या हाताची पकड अजून सैल आहे. बोलतो सावकाश, पण बोलतो ते बरोबर असतं. भाकऱ्या चार खातो. फेब्रुवारीत सायकलवरून पडून नऊ दिवस बेशुद्ध असलेल्या माणसाने चार भाकऱ्या खाव्यात, याहून अधिक मी मागणार नव्हते.

पण एक गोष्ट बिघडली आहे ती बिघडलेलीच आहे. सकाळी उठून खाटेवर बसतो तो बसतोच. हातात एक बूट असतो. अर्ध्या तासाने जाऊन पाहावं तर तोच बूट, तोच हात. मी "बूट घाल" म्हटलं की घालतो. मग पुन्हा बसतो.

यावर मी उपाय केला आहे. चौकोन आखून वेळापत्रक तयार केलं आणि खाटेसमोर भिंतीला लावलं. साडेपाचला उठणे, पाच चाळीसला दात घासणे, अशी सतरा कलमं. शाळेतली जुनी पितळी घंटा घरी आणली आहे. प्रत्येक कलमाला एक ठोका. भीमराज वेळापत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने, न अडखळता वाचतो. वाचून झालं की बसतो. वाचता येतं म्हणजे समजतं. समजूनही जो करत नाही, त्याला मी तीस वर्षं शाळेत एकाच नावाने हाक मारत आले आहे.

शेजारची अंबुबाई काल दारात येऊन म्हणाली, "बाई, शाळा सुटली तरी घंटा कशापायी वाजवताय? माझी म्हस बुजती, धार देईना." यावर भीमराज हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. तारीख टिपून ठेवली आहे.

आता महत्त्वाचं. कंपनीचं पत्र आलं. पंपजोडणी खात्यातली त्याची जागा त्यांनी एक ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवली आहे. त्या दिवशी फोरमन साहेबराव आणि कंपनीचे डॉक्टर यांच्यासमोर त्याने एक पंप पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडून दाखवायचा. मध्ये कोणी काही सांगायचं नाही. जमलं तर जागा त्याची, नाही तर हजेरीपटावरून नाव कमी. भीमराजने ते पत्र उशीखाली ठेवलं आहे आणि रोज मला विचारतो, "अक्का, आक्टोबर कधी?"

तू रागावून गेलीस, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. एका घरात दोन बायका असल्या की शब्दाला शब्द लागतो. एवढंच.

प्रभावती

(सवयीने सहीखाली 'मुख्याध्यापिका' असा हुद्दा लिहिला होता. तो खोडला आहे.)


चिंचवड,
३ जुलै १९७७

नीला,

तुझं उत्तर नाही. गैरहजर मुलीच्या घरी मी दोन चिठ्ठ्या पाठवते. तिसऱ्या वेळी स्वतः जाते. ही दुसरी चिठ्ठी समज.

आता दर गुरुवारी आम्ही लोकलने शिवाजीनगरला उतरून पुण्याच्या मोठ्या इस्पितळात जातो. जिन्याखाली एक लांबट खोली आहे. दारावर 'व्यवसायोपचार विभाग' अशी पाटी आहे. पाटी वाचून मला वाटलं होतं की आत कुणीतरी वयस्क, गंभीर गृहस्थ असतील. आत निघाला ज्ञानदेव नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा. कल्ले जबड्यापर्यंत. पँटचा घेर एवढा की चालताना खोलीचा केर निघावा. मी त्याला विचारलं, "डॉक्टर कुठे आहेत?" तो म्हणाला, "डॉक्टर वर आहेत. ते माणूस वाचवतात. वाचल्यावर पुढे काय, ते इथे."

एक ट्रक ड्रायव्हर शर्टाची बटणं लावायला शिकत होता. शेवटचं बटण लागलं की स्वतःच टाळी वाजवायचा आणि पुन्हा सगळी सोडायचा. भीमराजला मणी ओवायला दिले. दोन लाल, एक पांढरा, पुन्हा दोन लाल. मला ते सहन झालं नाही. म्हटलं, "माझा भाऊ फिटर आहे. त्याला मणी कसले ओवायला लावता?"

"बाई, तो मणी नाही ओवत. पुढचा मणी कोणता ते ठरवतोय."

खिडकीची काच पुसलेली नाही, हे मी त्याच्या नजरेस आणून दिलं. त्याने खरोखरच फडकं घेऊन पुसली. मुलगा अगदीच वाया गेलेला नाही.

मग मी वेळापत्रकाची प्रत त्याला दाखवली. त्याने ती बराच वेळ पाहिली. "अक्षर फार सुंदर आहे," म्हणाला. "पण बाई, हे वाचून 'आता हे कर, आता ते कर' असं सांगणारा जो मुकादम डोक्यात असतो ना, नेमका त्यालाच मार बसलाय. कामगार सगळे धडधाकट आहेत. हात आहेत, पाय आहेत, वाचता येतं. मुकादम रजेवर आहे."

"म्हणजे तो आळशी नाही?"

"पाय मोडलेल्या माणसाला धाव म्हणून तुम्ही घंटा वाजवाल का?"

शुक्रवारी घंटा शाळेत परत नेऊन ठेवली. अंबुबाईने म्हशीच्या वतीने आभार मानले.

पुढचं लिहायला मला जरा जड जातंय, पण लिहिते. ज्ञानदेवने विचारलं, "अपघाताआधी हा पहिल्या पाळीला कसा निघायचा? सकाळी काय काय व्हायचं?" मी सांगितलं की तुमच्या काळेवाडीच्या खोलीत तू सगळं सामान खाटेवर ओळीने मांडून ठेवायचीस. इस्पितळातून सुटल्यावर तुम्ही सगळे माझ्याकडे राहायला आलात, तेव्हाही तू तसंच मांडायला सुरुवात केली होतीस. टॉवेल, कपडे, बूट, डबा, एकापुढे एक, जत्रेतल्या दुकानासारखं.

"मग आता?"

"मी ते बंद केलं. कपडे कपाटात, बूट दाराशी, डबा स्वयंपाकघरात. जिथली वस्तू तिथे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. तपासणीला आलेले साहेब कोरा हजेरीपट पाहतात तसा. "बाई, जे मी इथे सहा महिने घासून शिकवणार, ते घरात रोज चालू होतं. ते तुम्ही उचलून कपाटात ठेवलं?"

माझ्याशी असं बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

तर काम असं आहे. तू वस्तू कोणत्या क्रमाने मांडत होतीस, तो क्रम मला हवा आहे. मी रोज पाहिलं, पण नाक मुरडून पाहिलं, त्यामुळे लक्षात राहिलं नाही. भीमराजला विचारलं तर तो म्हणतो, "नीला मांडते." तेवढंच म्हणतो.

क्रम लिहून पाठव. पोस्टकार्ड पुरेल.

प्रभावती


चिंचवड,
२४ जुलै १९७७

नीला,

दोन चिठ्ठ्यांनंतर मी स्वतः जाते, असं लिहिलं होतं. गेल्या रविवारी मी आले होते.

नाशिक फाट्यावर एसटी धरली, चाकणला अर्धा तास गाडी थांबली, दुपारी राजगुरुनगरला उतरले. तुमच्या गल्लीच्या वळणापर्यंत आले. तू ओट्यावर बसून कस्तुराची वेणी घालत होतीस. ती हलत होती आणि तू तिच्या डोक्यावर कंगव्याने टपली मारत होतीस. दोघी हसत होतात. मी वळणावर पिठाच्या गिरणीआड पाच मिनिटं उभी राहिले आणि परतीची गाडी धरली.

पाय पुढे पडला नाही, त्याचं कारण मी आधीच्या दोन्ही पत्रांत लिहिलेलं नाही. शब्दाला शब्द लागला असं लिहिलं. ते खोटं आहे. तू एक शब्दही बोलली नव्हतीस. तू त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं लावून शर्ट खाटेवर ठेवत होतीस, आणि मी म्हणाले, "जोवर तू याच्याजवळ आहेस तोवर हा माणूस व्हायचा नाही, बाळच राहील." ते भीमराजच्या देखत म्हणाले. कस्तुराच्या देखत म्हणाले. तू शर्ट घडी करून कपाटात ठेवलास आणि पिशवी भरलीस.

माफी मागायची पद्धत मला नीट माहीत नाही. शाळेत माझ्यावर ती वेळ आली नाही. आली असेल तर कुणी सांगायला धजलं नसेल. तेव्हा सरळ लिहिते. माझं चुकलं. तू बरोबर होतीस, आणि मी बी.ए. होते.

आता इथली परिस्थिती. तुझा क्रम न आल्यामुळे मी माझ्या डोक्याने मांडून पाहिलं. बूट मळलेले असतात म्हणून ते गादीपासून दूर, खाटेच्या पायथ्याशी, डाव्या कडेला ठेवले. भीमराज डावीकडून सुरू करतो हे मला माहीत नव्हतं. त्याने बूट घातले, नाड्या व्यवस्थित बांधल्या आणि मग त्यावरून पँट चढवायला बसला. गुरुवारची आमची लोकल चुकली. अंबुबाई म्हणाली, "बाई, त्यो तर सांगितल्याबरहुकूम चालतोय, मांडणाराच चुकला." तिला कुणी विचारलं नव्हतं.

चांगली बातमी एकच. ज्ञानदेवने त्याला तिथे चहा करायला शिकवला. भांडं, पाणी, पूड, साखर, दूध असं टेबलावर ओळीने मांडून. भीमराजने एकट्याने आठ कप चहा केला. साखरेच्या डब्यात मीठ होतं, ते ज्ञानदेवच्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्यांनी प्यायला. ट्रक ड्रायव्हरने टाळी वाजवली.

ऑक्टोबरला दहा आठवडे उरले आहेत. क्रम पाठव. माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी पाठव.

प्रभावती


चिंचवड,
७ ऑगस्ट १९७७

नीला,

तुझं कार्ड सोमवारी आलं. मी ते खाटेच्या वर, वेळापत्रकाच्या जागी लावलं आहे. वेळापत्रक चुलीत गेलं.

तुझ्याच शब्दांत इथे पुन्हा उतरते, म्हणजे माझ्या वाचण्यात काही चूक असेल तर कळवशील:

"१ टावेल. २ बनेन. ३ प्यांट. ४ शर्ट, वरची दोन बटनं लावून. ५ मोजे बुटात कोंबायचे नाहीत, वर ठेवायचे. ६ बुट. ७ चार बोटं जागा सोडायची. ८ डबा. ९ गेटपास. १० सायकलची किल्ली. डावीकडून. कस्तुरा बरी आहे."

कार्ड वाचताना माझ्या हातात लाल पेन आलं होतं. ते मी परत ठेवलं. हे तुला मुद्दाम सांगते.

मंगळवारी पहाटे सगळं तसंच मांडलं. फक्त सातव्या कलमाचा अर्थ मला लागला नाही. चार बोटं जागा वाया का घालवायची, म्हणून तिथे मी कंगवा ठेवला. भीमराज टॉवेलपासून निघाला. माझ्या डोळ्यांदेखत, कुणी काही न सांगता, बारा मिनिटांत बुटापर्यंत आला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मग त्याने कंगवा उचलला. त्याच्याकडे पाहिलं. खाली ठेवला. पुन्हा उचलला. आणि बसला तो बसला. बुधवारी तेच.

गुरुवारी मी कंगवा काढला आणि तू लिहिलंस तशी जागा सोडली. चार बोटं, मोजून. तो बुटापर्यंत आला, नाड्या बांधल्या आणि त्या रिकाम्या जागेपाशी थांबला. मी घड्याळ पाहत होते. एक मिनिट. दोन मिनिटं. माझ्या जिभेवर "डबा घे" आलं होतं. अंबुबाई ताकाचा तांब्या घेऊन आली होती. ती पुटपुटली, "बाई, आता बोललात तर तुमच्या तोंडावर हात ठेवीन मी."

तीन मिनिटांनी भीमराजने मान वर केली आणि म्हणाला, "अक्का, च्या?"

नीला, अपघातानंतर त्याने आपण होऊन मागितलेली ही पहिली गोष्ट. तोवर जेवण दिलं तर जेवायचा, नाही दिलं तर संध्याकाळपर्यंत तसाच बसला असता. मी इतक्या घाईने चहा आणला की साखर राहिली. एक घोट घेऊन तो म्हणाला, "नीला साखर घालते." मग उरलेला सगळा प्यायला, डबा घेतला, गेटपास खिशात घातला. किल्लीच्या जागी मी लोकलचा पास ठेवला होता, कारण ज्ञानदेवने सायकल वर्षभर बंद केली आहे. "ही किल्ली न्हाई," म्हणाला. मी म्हटलं, "नाही." त्याने थोडा विचार केला आणि पास घेतला.

आता मला सांग. ती जागा चहाची होती, तर तू सरळ 'चहा' असं का लिहिलं नाहीस?

प्रभावती


चिंचवड,
४ सप्टेंबर १९७७

नीला,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा ज्ञानदेवला वाचून दाखवलं. त्याने ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "या बाईंचं शिक्षण किती?" मी म्हटलं, सातवी. तो म्हणाला, "बरं झालं. पुढे शिकल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती."

तू लिहितेस की लग्नानंतर पहिले सहा महिने तो पहिल्या पाळीला निघताना तुझ्याशी एक शब्द बोलत नसे. चहा ठेवला की प्यायचा आणि जायचा. "म्हणून मी चहा ठेवायचंच सोडलं. जागा ठेवली. मागावा लागला की बोलावं लागतं." आणि मागितल्यावर तू लगेच देत नसायचीस, आधी "कुणाला?" असं विचारायचीस. हे वाचताना मला हसू आलं. मी स्टाफरूममध्ये होते. दोन शिक्षिका घाबरून उठून गेल्या.

मुलींना प्रश्न विचारला की उत्तरासाठी मी किती वेळ थांबते, ते या आठवड्यात घड्याळ लावून पाहिलं. दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला उत्तर मीच देते आणि तिला खाली बसवते. तीस वर्षं.

आता पंपाचं. फोरमन साहेबराव भला माणूस आहे. दर रविवारी एक जुना, मोडीत काढलेला पंप गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून आणतो. माझ्या अंगणात सतरंजी घालून बसतात. बॉडी, शाफ्ट, बेअरिंग, पंखा, पॅकिंग, झाकण आणि आठ बोल्ट. हे सगळं मला आता पाठ आहे. पॅकिंग म्हणजे झाकणाखाली बसवायची रबराची चकती. ती नसेल तर पाणी गळतं. कधी पंप बिघडला तर मला विचार.

पहिल्या रविवारी साहेबराव म्हणाला, "भावा, हा पंप तू झोपेत जोडायचास. कर सुरू." भीमराजने पंखा हातात घेतला आणि थांबला. साहेबरावने दुसऱ्या रविवारी सगळे भाग ढिगात ओतले, कारण कंपनीत ट्रेमध्ये तसेच येतात. भीमराजने ढिगाकडे पाहिलं आणि पाना असा भिरकावला की माझी तुळशीची कुंडी फुटली. मी ओरडले. तो माझ्यावर ओरडला, "तूच मांड मग, लई हुशार हायस तर!" मी आणखी ओरडले. अंबुबाई भिंतीवरून पाहत होती. आम्ही दोघं एकदमच गप्प झालो आणि एकदमच "चुकलं" म्हणालो. साहेबराव म्हणाला, "आता कसं बाई, घरात आल्यासारखं वाटलं. आतापतुर दवाखान्यात बसल्यावाणी वाटत हुतं."

त्यानंतर मी सतरंजीवर भाग मांडायला पुढे वाकले आणि तुझी आठवण झाली. हात मागे घेतला. साहेबरावला डोळ्यांनी थांबवलं. आम्ही दोघं नुसतं ढिगाकडे पाहत बसलो. बराच वेळ गेला. इतका की साहेबरावने दोन विड्या ओढल्या, माझ्या अंगणात, आणि मी काही बोलले नाही. मग भीमराज पुढे सरकला. ढिगातून बॉडी उचलली, सतरंजीच्या डाव्या कडेला ठेवली. तिच्या शेजारी शाफ्ट. त्याच्या शेजारी बेअरिंग. बोल्टांपर्यंत सगळी ओळ त्याने स्वतः मांडली, आणि मग डावीकडून जोडत गेला. छप्पन्न मिनिटं लागली. चांगल्या फिटरला वीस लागतात.

साहेबराव म्हणाला, "वेळ वाढला तर चालंल. मधी कुनी बोलायला लागलं तर न्हाई चालायचं."

चार आठवडे आहेत.

प्रभावती

सोबत मण्यांची माळ आहे. दोन लाल, एक पांढरा. कस्तुरासाठी. एका ठिकाणी तीन लाल आहेत. ती चूक आहे असं मी म्हणाले, तर भीमराज म्हणतो ते मुद्दाम आहे. मी वाद घातला नाही.


चिंचवड,
२ ऑक्टोबर १९७७

नीला,

तार केली नाही, कारण तार आली की तुमच्या गल्लीत रडारड सुरू होईल. आधी वाक्य एकच लिहिते, मग श्वास घे: भीमराजची जागा त्याला मिळाली.

आता क्रमाने. काल सकाळी तो उठला. मांडणी त्यानेच केली होती. हल्ली आदल्या संध्याकाळी तोच मांडतो. जागेपाशी आला, चहा मागितला. मी म्हटलं, "कुणाला?" तो माझ्याकडे टकामका पाहत राहिला आणि मग इतका हसला की बुटाची नाडी पुन्हा बांधावी लागली.

बायकांना खात्यात सोडत नाहीत म्हणून मी टाइम ऑफिसच्या बाकावर बसले. आतलं सगळं साहेबरावने नंतर सांगितलं, आणि त्याला तिखटमीठ लावायची सवय नाही.

कंपनीचे डॉक्टर घड्याळ आणि कागद घेऊन उभे होते. सगळं खातं काम करत असल्याचं सोंग करत होतं. स्टोअरमधून ट्रे आला. भीमराजने टेबलावर फडकं पसरलं आणि ट्रेमधले भाग मांडायला लागला. डॉक्टर म्हणाले, "हे काय?" साहेबराव म्हणाला, "फिटर आपलं सामान आपल्या हातानं लावतो, सायेब. त्यात कुनी काही सांगितलं न्हाई." डॉक्टरांनी मान डोलावली.

बॉडी, शाफ्ट, बेअरिंग, पंखा मांडला. मग त्याने चार बोटं जागा सोडली. पुढे झाकण, पुढे बोल्ट. आणि जोडायला बसला. बॉडीत शाफ्ट गेला, बेअरिंग बसलं, पंखा बसला. मग तो रिकाम्या जागेपाशी आला आणि थांबला.

एक मिनिट. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं. त्यांनी कागदावर काही लिहिलं. साहेबराव म्हणतो, "बाई, वाटलं, ग्येलं. तोंडावर शब्द आला हुता, दातात धरला." शेजारच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "झाकन लाव की राव." भीमराजने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसरं मिनिट संपता संपता तो मान वर करून डॉक्टरांना म्हणाला, "सायेब, पॅकिंग न्हाई दिलं. त्याच्याबिगर झाकन लावलं तर पानी गळंल."

ट्रे उलटा करून पाहिला. पॅकिंग नव्हतं. स्टोअरच्या माणसाकडून फळीवरच राहिलं होतं. खरं म्हणजे साहेबरावनेही ट्रे पाहिला होता, डॉक्टरांनीही पाहिला होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पॅकिंग आणून दिलं. भीमराजने ते बसवलं, झाकण लावलं, आठ बोल्ट कसले. पंपात पाणी सोडलं. एक थेंब गळला नाही. डॉक्टरांनी आधी लिहिलेलं खोडलं. एकूण एक्केचाळीस मिनिटं.

दहा तारखेपासून कामावर. जनरल पाळी, पहिले तीन महिने अर्धा दिवस, फक्त टेबलावरचं काम. दर गुरुवारी ज्ञानदेवकडे जायला सुट्टी.

गेटमधून बाहेर आला तो सरळ माझ्यासमोर. मी म्हटलं, आता हा काय बोलतो. म्हणाला, "अक्का, च्या?" समोरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. रस्त्यावर उभं राहून चहा पिण्याची माझी ही पहिली वेळ. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी रिक्षातून गेल्या आणि वळून पाहत राहिल्या. पाहू देत.

प्रभावती


चिंचवड,
५ ऑक्टोबर १९७७

नीला,

हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळायला हवं.

रविवारी, नऊ तारखेला, भीमराज तुम्हाला न्यायला येतो. एकटा येतो. मी येत नाही, गिरणीपर्यंतसुद्धा नाही. तू आणि कस्तुराने त्याच्याबरोबर यायचं की नाही, ते त्याने विचारायचं आहे आणि तू सांगायचं आहे. यात माझं कलम नाही.

काळेवाडीची तुमची खोली मी उघडून झाडून घेतली. खाट उन्हात टाकली. काही मांडलेलं नाही आणि कपाटात काही ठेवलेलं नाही. ते तुझं तू बघ. मी तुमच्याकडे रविवारी येत जाईन, बोलावलंत तर.

त्याने आज खाटेवर प्रवासाची मांडणी करून पाहिली. पिशवी, कस्तुराची पाटी, खोलीची किल्ली, लोकलचा पास, एसटीसाठी सुटे पैसे. मध्ये एक जागा सोडली आहे. मी विचारलं, ही कशाची? तर म्हणाला, "असू दे."

एक गोष्ट मी तुला एकाही पत्रात कळवली नाही, ती आता कळवते. मी लिहिलं होतं की तो रोज मला ऑक्टोबर कधी असं विचारतो. ते खरं आहे, पण अर्धं. त्या मागोमाग रोज दुसरा प्रश्न असायचा, "नीला कधी येनार?" मी रोज म्हणायचे, आधी पंप जोड. लिहिलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी आली असतीस, आणि माझ्या चुकीबद्दल मला काही लिहावंच लागलं नसतं. म्हणून लिहिलं नाही. लबाडी होती. तीही माझ्या खात्यावर धर.

गाडी अकराच्या सुमाराला पोचेल. एसटीतून उतरल्यावर तो स्टँडवर कदाचित उभाच राहील. हमाल म्हणतील, या माणसाला वाट सापडत नाही. कुणीतरी हात धरायला येईल. तू लांबून पाहशील आणि तुझा पाय पुढे पडेल. पडू देऊ नकोस. कस्तुरालाही धरून ठेव. एक मिनिट जाईल, तीन जातील. तो शोधून काढेल, आणि मग विचारेल.

चहा उकळून तयार ठेव. मागितल्याशिवाय देऊ नकोस.

अक्का